दोन वर्षे रोज गोळी घेऊनही छातीतली जळजळ थांबत नाही, चूक नेमकी कुठे होते आहे?

औसेकर_बियाणेवाला

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात राहतो. वय 47, उंची पाच फूट सहा इंच आणि वजन 84 किलो. खते-बियाण्यांचे दुकान आहे आणि गावाकडे थोडी शेतीही आहे. गेली तीन-साडेतीन वर्षे मला पित्ताचा त्रास आहे. रात्री जेवून आडवा झालो की तासाभराच्या आत छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ सुरू होते, घशाशी आंबट पाणी येते, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी ठसका लागून झोपेतून उठून बसावे लागते. सकाळी आवाज बसलेला असतो, दुकानात पहिल्या गिऱ्हाइकाशी बोलताना खाकरावे लागते.

दिनक्रम लपवत नाही. दुकान रात्री नऊला बंद होते, घरी पोहोचून हातपाय धुऊन ताटावर बसेपर्यंत साडेदहा वाजतात. दुपारी नीट जेवण झालेले नसते, म्हणून रात्री तीन भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि वर भात असे भरपेट जेवण होते आणि अर्ध्या तासात मी झोपतो. रब्बीत आमच्या फीडरवर रात्रीची वीज असली की बारा-एकला उठून हरभऱ्याला पाणी द्यायला जावे लागते. चहा दिवसाला सहा-सात वेळा, आणि तंबाखू-चुन्याची सवय वीस वर्षांची आहे. रक्तदाबासाठी तीन वर्षांपासून ॲम्लोडिपिनची गोळी चालू आहे.

दोन वर्षांपूर्वी मेडिकलवाल्याने पँटोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल दिली, ती मी रोज रात्री जेवणानंतर घेतो. सुरुवातीला बरे वाटले. आता घेतली तरी जळजळ होते आणि बंद केली तर तिसऱ्या दिवशी दुपटीने होते. मध्यंतरी सगळ्यांनी तिखट सोडायला सांगितले म्हणून महिनाभर सपक वरण-भात खाल्ला. जेवणाची गोडी गेली, त्रास होता तेवढाच राहिला.

माझ्या पोटात ॲसिड प्रमाणाबाहेर तयार होते आहे का? ही गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? दुर्बिणीची तपासणी करावी का? जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

परभणीचा_औषधविक्रेता

भाऊ, आपण एवढे स्पष्ट लिहिले म्हणून उत्तर देणे सोपे झाले आहे. मी बी. फार्म. आहे आणि परभणीत बावीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे आपल्यासारखे गिऱ्हाईक मला रोज भेटते. या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय हातोहात विकण्यात आमच्या धंद्याचा वाटा मोठा आहे, हे आधीच कबूल करतो.

पहिली गोष्ट अशी की आपण गोळी चुकीच्या वेळी घेत आहात. जठराच्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते सगळे एकाच वेळी चालू नसतात. अन्न पोटात गेले की ते कामाला लागतात, आणि पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे फक्त चालू असलेल्या पंपालाच कुलूप लावू शकतात. औषध रक्तात फार वेळ टिकत नाही, दीड-दोन तासांत त्याचे प्रमाण उतरू लागते. म्हणून जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घेतली, तर पंप जागे होतात त्याच सुमारास औषध तिथे हजर असते. आपण जेवणानंतर गोळी घेता, म्हणजे ती आतड्यात विरघळून रक्तात पोहोचेपर्यंत पंपांचे निम्मे काम उरकलेले असते. रात्रभराच्या उपाशी पोटानंतर सर्वांत जास्त पंप तयार असतात, त्यामुळे बहुतेकांना ती सकाळी न्याहारीच्या आधी देतात. ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे त्यांना डॉक्टर कधी कधी संध्याकाळच्या जेवणाआधीही देतात. पहिल्या गोळीनेच जादू होत नाही, पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस जातात. कॅप्सूल फोडून किंवा चावून घेऊ नये, कारण तिच्यातल्या दाण्यांवरचे आवरण जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवण्यासाठीच असते.

बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी त्रास दुप्पट झाला, याचा अर्थ रोग वाढला असा नाही. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवते, आणि गोळी एकाएकी थांबवली की साचलेली ती सगळी प्रेरणा काही आठवडे जास्तीचे आम्ल तयार करते. माणूस घाबरून पुन्हा गोळी सुरू करतो आणि दोन वर्षे अशीच निघून जातात. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. नेहमीचा कोर्स चार ते आठ आठवड्यांचा असतो. काही रोगांत ती वर्षानुवर्षे द्यावी लागते आणि तिथे ती जरूर घ्यावी, पण विनाकारण वर्षानुवर्षे घेतल्यास ब-12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होण्याचा धोका असतो.

डॉम्पेरिडोनबद्दल वेगळे सांगतो. ते मळमळीवरचे औषध आहे आणि काही लोकांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, त्यामुळे ते थोड्या दिवसांपुरते वापरावे असे मानले जाते. आपल्याला मळमळ नाही, तरी दोन वर्षे आपण ते रोज गिळत आहात. आणि ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते तशी अन्ननलिकेच्या टोकाची झडपही थोडी सैल करू शकते. रक्तदाबाची गोळी मनाने मुळीच बंद करू नका, फक्त डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा.

माजलगावचा_पाटील

गोळ्यांच्या मागे कशाला लागता? चमचाभर खाण्याचा सोडा, अर्धे लिंबू आणि पाणी फसफसते आहे तोवर प्यायचे. दोन ढेकर आले की छाती मोकळी. आमच्या आजोबांनी आयुष्यभर हेच केले आणि ते नव्वद वर्षे जगले.

नांदेडची_निवृत्त_शिक्षिका

पाटील, आपल्या आजोबांना नमस्कार, पण ते रोज शेतात दहा मैल चालत असतील आणि दिवेलागणीला जेवून मोकळे होत असतील, त्याचे श्रेय सोड्याला देऊ नये. मीही चार वर्षे सोडा प्यायले. ढेकर येतो तो सोड्यातून निघालेल्या वायूचा, आणि त्या ढेकराबरोबर आंबट पाणीही वर येते, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या अनुभवातले सांगते. माझे वय 63. पाच वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पाहिल्यावर कळले की जठराचा वरचा थोडा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीकडे सरकलेला आहे, त्याला हायटस हर्निया म्हणतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते आणि बाहेरून श्वासपटल त्याला चिमटा घेतल्यासारखे धरून ठेवते. माझ्या बाबतीत कडे एका जागी आणि चिमटा दुसऱ्या जागी गेला होता, त्यामुळे दार नीट लागत नव्हते. तोवर मला वाटायचे की माझे शरीर आम्ल जास्त बनवते. डॉक्टर म्हणाले, बाई, आम्ल सगळ्यांच्याच पोटात असते, तुमचे फक्त वरच्या मजल्यावर चढते. जठराला आतून जाड चिकट अस्तर असते म्हणून त्याला ते सोसते, अन्ननलिकेला तसे अस्तर नाही म्हणून ती भाजते.

मला सर्वांत जास्त उपयोग दोन विटांचा झाला. पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उचलायची, म्हणजे झोपल्यावर सगळा पलंगच तिरका होतो. आधी मी दोन-तीन उशा घेऊन पाहिले होते, पण त्याने फक्त मान आणि कंबर वाकते, पोट दाबले जाते आणि त्रास वाढतो. पहिल्या रात्री आम्ही दोघेही चादरीसकट पायथ्याकडे घसरलो आणि यजमानांनी पहाटे दिवाणखान्यात जाऊन झोप काढली. विटा फरशीवर सरकत होत्या म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळले. आठवड्याने शरीराला सवय झाली, आणि पंधरा दिवसांनी लक्षात आले की रात्रीचा ठसका बंद झाला आहे. दुसरे म्हणजे डाव्या कुशीवर झोपायचे. त्या कुशीवर जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो, उजव्या कुशीवर तो वर येतो आणि सांडल्यासारखे होते.

तिखटाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मी तीन आठवडे वहीत खाल्लेले, खाल्ल्याची वेळ आणि जळजळीची वेळ लिहून ठेवली. भाकरीबरोबर चमचाभर ठेचा खाल्ल्याने मला काहीच होत नव्हते. त्रास होत होता एकादशीला, कारण दिवसभर चहावर राहून रात्री तुपात परतलेली, दाण्याच्या कुटाने भरलेली साबुदाण्याची खिचडी दोन वेळा वाढून घ्यायचे. लग्नातल्या पंगतीनंतर व्हायचा, आणि जेवल्यावर तोंडात टाकलेल्या पेपरमिंटच्या गोळीने हमखास व्हायचा. एखादीला ठेच्यानेच होईल, म्हणून दुसऱ्याचे पथ्य आपल्यावर लादून घेण्यापेक्षा अशी वही ठेवावी. औसेकर, आपण महिनाभर सपक खाल्ले, पण खाल्ले रात्री साडेदहालाच ना?

अंबाजोगाईचा_वैद्यकीय_व्यावसायिक

बाईंनी शेवटच्या वाक्यात दुखण्याचे मूळ अचूक पकडले आहे. मी वैद्यकशास्त्रात एम.डी. आहे. इथे तपासणी न करता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते.

सुरुवात ‘पित्त’ या शब्दापासून करतो, कारण माझ्या बाह्यरुग्ण विभागात हा एक शब्द रोज निदान पाच वेगवेगळ्या आजारांसाठी येतो. छातीत जळजळते त्यालाही पित्त म्हणतात. अर्धे डोके ठणकून उलटी होते त्यालाही पित्तच म्हणतात, खरे तर ती बहुतेक वेळा अर्धशिशी असते, उलटी हे तिचे लक्षण असते, कारण नव्हे. अंगावर खाजऱ्या लाल गाठी येतात तेव्हा ‘पित्त उठले’ म्हणतात, तो शीतपित्ताचा प्रकार आहे आणि आम्लाची गोळी देऊन तो बरा होत नाही. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत जाते, तिथे पित्ताशयात खडे असू शकतात. शरीरशास्त्रातला पित्तरस तर यकृतात तयार होतो, तो हिरवट-पिवळा आणि कडू असतो, आंबट नसतो. आपल्या घशाशी येते ते जठरातले आम्ल आहे. शब्द एकच असल्यामुळे लोक एकाच गोळीने हे सारे आजार बरे करू पाहतात.

पाचवा आजार सर्वांत घातक आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पुष्कळदा बेंबीच्या वर जळजळ, मळमळ आणि ढेकर यांच्या रूपाने येतो. गेल्या हिवाळ्यात शेतावरून एक गृहस्थ आले, वय 52, पहाटे तीनपासून ‘पित्त खवळले’ म्हणून सोडा पीत बसले होते. सकाळी साडेनऊला ईसीजी काढला तेव्हा झटका येऊन सहा तास उलटले होते. ते वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. जळजळीबरोबर दरदरून घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात ओढ, किंवा चालल्यावर वाढणारे आणि थांबल्यावर कमी होणारे दुखणे असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ईसीजी काढा. ईसीजी निर्दोष निघाला तर ‘उगाच आलो’ म्हणून लाजू नका. आपले वय, रक्तदाब आणि तंबाखू पाहता हे आपल्यासाठी विशेष लिहितो आहे.

आता जळजळीचे. जठर फुग्यासारखे ताणले गेले की झडप काही सेकंदांसाठी आपोआप उघडते, ढेकर यावा म्हणून निसर्गाने ती सोय केलेली आहे. दिवसभर अर्धपोटी राहून रात्री एकदम तीन भाकरी आणि भात खाल्ला की ती पुन्हा पुन्हा उघडते. शिवाय जेवणानंतर ताजे आम्ल अन्नात लगेच मिसळत नाही, अन्नाच्या वर, अगदी झडपेच्या तोंडाशी त्याचा एक थर साचतो. उभा माणूस असेल तर गुरुत्वाकर्षण ते खाली धरून ठेवते. अर्ध्या तासात आडवे झाले तर तो थर सरळ अन्ननलिकेत वाहतो, आणि झोपेत लाळ गिळणे जवळजवळ थांबत असल्यामुळे ते धुऊनही निघत नाही. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर हा माझ्या मते पहिल्या क्रमांकाचा उपाय आहे, गोळी त्याच्या नंतर. वजन पाच-सात किलोने कमी झाले तर पोटातला दाब उतरतो, आणि त्याचा परिणाम मी अनेक रुग्णांत स्वतः पाहिला आहे. तंबाखूतले निकोटीन झडप सैल करते. आणि तंबाखू अन्ननलिकेच्या कर्करोगाचेही कारण आहे, तेव्हा ती सोडण्याला दुसरे निमित्त शोधू नका.

पाटलांच्या सोड्याबद्दल एकच आकडा देतो. चमचाभर खाण्याच्या सोड्यात साधारण 1,200 मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा 2,000 मिलिग्रॅमची आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने ते रोज पिणे योग्य नाही. तात्पुरता आराम हवा असेल तर अल्जिनेट असलेले पातळ औषध बरे, ते आम्लाच्या त्या थरावर सायीसारखे तरंगते आणि त्याला वर येऊ देत नाही. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण दुधातली प्रथिने पुढे आम्लाचा स्राव वाढवतात.

दुर्बिणीबद्दल विचारलेत. अन्न गिळताना अडकणे, काळा डांबरासारखा संडास, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणे किंवा रक्त कमी असणे यांपैकी काहीही असेल, तर एक दिवसही न थांबता ती तपासणी करावी. यांपैकी काही नसेल तर आठ आठवडे गोळी योग्य वेळी घेऊन, जेवणाची वेळ बदलून पाहावे, आणि तरीही जळजळ राहिली तर तपासणी करावी. त्रास जुना, वय पन्नाशीकडे, पुरुष, जाड शरीर आणि तंबाखू असा मेळ असेल तर पुढेमागे एकदा पाहून घ्यावेच असे माझे मत आहे, कारण वर्षानुवर्षे भाजलेल्या अन्ननलिकेचे अस्तर काहींमध्ये बदलते. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते, घशात सुन्न करणारा फवारा मारतात, भीतीइतकी ती वाईट नसते. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी परस्पर डायक्लोफेनॅक वगैरे घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याने जठराला व्रण होतात आणि त्यांची दुखण्याची तऱ्हा वेगळी असते.

औसेकर_बियाणेवाला

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अकरा आठवडे लावले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

लातूरला जाऊन डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आधी ईसीजी काढला, तो चांगला आहे. डॉम्पेरिडोन बंद केले, साधे पँटोप्राझोल सकाळी न्याहारीच्या पाऊण तास आधी घ्यायला सांगितले, आणि रक्तदाबाची गोळी स्वतः विचार करून बदलली. सर्वांत अवघड गेले ते जेवणाच्या वेळेचे. नऊपर्यंत दुकान उघडे ठेवणे भाग आहे. शेवटी मुलगा संध्याकाळी सातला डबा आणून देतो आणि मी काउंटरमागे, युरियाच्या पोत्यांच्या आडोशाला बसून दोन भाकरी आणि भाजी खातो. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइके चेष्टा करायची, आता त्या वेळी कोणी आले तर ‘जेवा निवांत’ म्हणून बाकावर बसते. घरी गेल्यावर फार भूक लागली तर वाटीभर ताक घेतो.

विटा लावल्या. बाईंनी सांगितल्याप्रमाणे गोणपाटही गुंडाळले, तरी मी दोन रात्री घसरलोच. रात्रीचा ठसका पाचव्या आठवड्यापासून नाही. वजन चार किलो उतरले आहे. चहा तीनवर आणला. तंबाखू दिवसाला दहा वेळा होती ती तीन वेळांवर आली आहे, पूर्ण सुटलेली नाही, ते खोटे सांगणार नाही. मध्ये भाचीच्या लग्नात रात्री अकराला पंगत बसली, गुलाबजाम आणि मसालेभात मनसोक्त खाल्ला, आणि त्या रात्री पूर्वीसारखाच उठून बसलो.

आठ आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड करायला सांगितली आहे. मधल्या दिवशी दुपारी थोडे जळजळते. ते परभणीच्या भाऊंनी सांगितलेल्या गॅस्ट्रिनमुळेच असेल का?

परभणीचा_औषधविक्रेता

बहुधा तेच आहे. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरायला हवे. मधल्या दिवशी लागलेच तर अल्जिनेटचे औषध जेवणानंतर घ्या, गोळीकडे लगेच वळू नका. महिनाभरानेही जळजळ तशीच राहिली किंवा ठसका परत आला, तर दुर्बिणीची तारीख घेऊन टाका.

नांदेडची_निवृत्त_शिक्षिका

घसरत असाल तर गादीखाली पायथ्याच्या बाजूला चादरीची एक घट्ट वळकटी ठेवा. आमच्याकडे त्यानेच भागले, यजमान आता पलंगावर परत आले आहेत.